मोरचूद, पाणी आणि चुंबक

भुईगावसारख्या वसईच्या बागायती पट्ट्यात मोरचूद मुलांच्या ओळखीचे असते. पिकांवरील बुरशीसाठी वापरायच्या एक टक्का बोर्डो मिश्रणात १०० लिटर पाण्यामागे १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना घेतात. या मोरचुदाला चुंबक ओढतो का?

मोरचुदाची लहान पुडी थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवून आपण ती पाण्यावर तरंगवू आणि निओडायमियमचा जोरदार चुंबक अगदी जवळ नेऊ. (मोरचूद विषारी आहे, नंतर हात धुवावेत.) तुकडा सावकाश चुंबकाकडे सरकतो. हिराकशीचा तुकडा अधिक चटकन येतो. मोरचुदातील तांब्याच्या आयनात एक, तर हिराकशीतील लोहाच्या आयनात चार इलेक्ट्रॉन बिनजोडीचे असतात. मिठात असा एकही नसतो.

आता मोरचूद विरघळवू. स्फटिकात तांब्याच्या आयनाभोवती मुख्यतः पाण्याचेच रेणू असतात, द्रावणातही तेच. म्हणून दर आयनामागचे चुंबकत्व जवळजवळ तेवढेच राहते. पण पाण्याला चुंबक किंचित दूर लोटतो. १०० ग्रॅम द्रावणात सुमारे ११ ग्रॅम मोरचूद असेल, तर दोन्ही परिणाम एकमेकांना खोडतात. एक टक्का द्रावण तर दूरच लोटले जाते! ‘विरघळल्यावर चुंबकत्व गेले’ असे मुले म्हणतील. ते गेलेले नसते, पाण्याने झाकलेले असते.

कॉपर अ‍ॅसिटेटचे मात्र वेगळे आहे. त्याच्या स्फटिकात तांब्याचे आयन जोडीने असतात आणि एकमेकांचे चुंबकत्व बरेचसे मारतात. पाण्यात या जोड्या सुटतात आणि दर आयनामागचे चुंबकत्व चक्क वाढते. तेव्हा निष्कर्ष काढण्यापूर्वी आयनाचे शेजारी कोण, हे आधी विचारावे.