बाळाला होईल का?

साताऱ्याच्या पाटण, जावळी, माण, खटाव या तालुक्यांत मुंबईला कुणीच नाही असं घर शोधावं लागेल. सांगलीच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायात देशभर पांगलेली. २०२० च्या मे महिन्यात, कोरोनाच्या टाळेबंदीत, ही मंडळी गावाकडे निघाली, त्यांत दिवस गेलेल्या बायकाही होत्या. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. एरवी ओटी भरून लेक माहेरी यायची, तिचं कौतुक व्हायचं. त्या वर्षी ई-पास दाखवून आलेल्यांच्या वाट्याला गावच्या शाळेतलं विलगीकरण आलं. आशाताई दारातूनच विचारपूस करायच्या, आणि घरची माणसं एकच विचारायची: पोटातल्या बाळाला होईल का?

या प्रश्नाला खात्रीचं उत्तर तेव्हा जगात कुणाकडेच नव्हतं. आईकडून पोटातल्या बाळाकडे जाणारे आजार तसे नवे नाहीत. रुबेला जातो, सिफिलिस जातो. एचआयव्हीची झळ तर सांगली जिल्ह्याने फार जवळून सोसली आहे. गरोदरपणात तपासणी झाली आणि वेळेवर औषधं मिळाली तर बाळाला वाचवता येतं, हे इथल्या नर्स-आशांना पाठ झालं होतं. पण कोरोना हा श्वासावाटे शिरणारा विषाणू. तो फुप्फुसातून रक्तात, रक्तातून वारेत आणि वारेतून बाळात जातो का, हे कुणी खात्रीने पाहिलेलं नव्हतं.

ते दिसलं पुण्यात, ससून रुग्णालयात. २०२० च्या जुलैअखेर तिथल्या बालरोग विभागाच्या प्रमुख डॉ. आरती किणीकर यांनी माहिती दिली, तेव्हा देशातलं असं पहिलंच उदाहरण म्हणून त्याची नोंद झाली. बाळंतपणाआधी आईला ताप येऊन गेला होता, पण तिचा नाकातला स्वॅब निगेटिव्ह आला. बाळ जन्मल्यावर त्याचा स्वॅब, नाळेचा तुकडा आणि वार तपासली, तिन्ही पॉझिटिव्ह. दोन-तीन दिवसांत बाळाला ताप चढला, अंगात दाह उसळला, अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. पुढे आईच्या रक्तात कोरोनाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, म्हणजे तिला संसर्ग होऊन गेला होता हे नक्की झालं. बाळ बरं होऊन घरी गेलं. त्याच महिन्यात फ्रान्समधल्या क्लामार इथल्या रुग्णालयातूनही असंच एक प्रकरण प्रसिद्ध झालं होतं.

ससूनच्या डॉक्टरांचं मोठेपण मला एका साध्या गोष्टीत दिसतं: त्यांनी वार टाकून दिली नाही. नुसता बाळाचा स्वॅब पॉझिटिव्ह आला असता तर बाळंतपणाच्या खोलीत कुणाच्या श्वासातून लागण झाली असेल, अशी शंका उरली असती. वार आणि नाळ बोलली, म्हणून पोटातच लागण झाली हे ठामपणे म्हणता आलं.

वार हा अवयव आपल्याकडे फारसा कुणी बघत नाही. बघते ती नर्स, आणि पूर्वी बघायची ती सुईण. ती पूर्ण पडली की नाही एवढ्यापुरती. अर्धा किलोच्या आसपास वजन, वीतभर रुंदी, गडद लाल, मऊसूत. आईच्या बाजूला गुबगुबीत भाग, बाळाच्या बाजूला गुळगुळीत चकाकी आणि मधोमध नाळ. इथे आईचं आणि बाळाचं रक्त अगदी शेजारून वाहतं, पण एकमेकांत मिसळत नाही. मध्ये पेशींचा पातळ पडदा असतो. त्यातून प्राणवायू जातो, अन्न जातं, आईची प्रतिपिंडंही जातात. कोरोनाचा विषाणू मात्र सहसा अडतो. एक तर बहुतेक रुग्णांच्या रक्तात तो फारसा उतरतच नाही. दुसरं, पेशीत शिरायला त्याला दोन प्रथिनं एकत्र लागतात, आणि वारेच्या पेशींत ती जोडी क्वचितच सापडते.

किती क्वचित, याचा अंदाज २०२२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या आढाव्याने दिला. बाधित आयांच्या १४ हजारांहून अधिक बाळांपैकी १.८ टक्के बाळं पॉझिटिव्ह निघाली. आढाव्यातल्या सगळ्या बाळांत लागण पोटातच झाली असं पक्क्या पुराव्याने सांगता आलं ती अवघी सात. म्हणजे आशाताईंना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं: होऊ शकतं, पण फार क्वचित.

माझं म्हणणं एवढंच की तो प्रश्न अपुरा होता. सगळं घर बाळाची काळजी करत होतं आणि धोका आईला जास्त होता.

मुंबईत परळला राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. तिने राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून 'प्रेगकोविड' ही नोंदवही सुरू केली. पहिल्या लाटेतल्या ४,२०३ गरोदर आणि बाळंत स्त्रियांची माहिती तीत आहे. सोळा टक्क्यांच्या वर बाळंतपणं दिवस भरायच्या आधी झाली. दहा टक्के जणींना रक्तदाबाचा त्रास झाला. १५८ जणींना अतिदक्षता लागली, ३४ जणी गेल्या. दुसऱ्या लाटेत चित्र आणखी भीषण झालं. जून २०२१ मध्ये आयसीएमआरने मांडलेल्या आकड्यांत बाधित गरोदर-बाळंत स्त्रियांमधलं मृत्यूचं प्रमाण ०.७ टक्क्यावरून ५.७ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. गरोदरपणात गर्भाशय वर सरकून छातीचा पडदा दाबला जातो, प्राणवायूची गरज वाढलेली असते. अशात न्यूमोनिया झाला तर शरीराकडे शिल्लक काही राहत नाही.

आणि बाळही दगावत होतं, विषाणू त्याच्यापर्यंत न पोचताही. बारा देशांतल्या डॉक्टरांनी मिळून बाधित आयांच्या ६८ वारा तपासल्या. ६४ मृतजन्म आणि चार नवजात मृत्यू. या वारा मऊ राहिल्या नव्हत्या. रक्त खेळायच्या जागा घट्ट तंतूंनी बुजल्या होत्या, सरासरी तीन चतुर्थांशांहून जास्त भाग निकामी झाला होता. बाळ प्राणवायूविना गेलं होतं. त्यांतल्या एकाही आईने लस घेतलेली नव्हती.

लसीचं आपल्याकडे काय झालं ते आठवून अजून जीव तुटतो. देशात लसीकरण सुरू झालं जानेवारी २०२१ मध्ये. गरोदर स्त्रियांना परवानगी मिळाली २ जुलैला. दुसरी लाट तोवर बहुतेक ठिकाणी येऊन गेली होती. सातारा आणि सांगलीत तर ती ओसरायलाही तयार नव्हती. ऑगस्टच्या सुरुवातीला राज्याने निर्बंध सैल केले, तेव्हा ज्या अकरा जिल्ह्यांत ते कायम ठेवले त्यांत हे दोन्ही होते. परवानगी आल्यावरही पोटातल्या बाळाला लस बाधेल ही भीती घराघरांत होतीच. खरं तर गरोदरपणात धनुर्वाताचं इंजेक्शन आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलो आहोत. ते आईला देतात ते बाळासाठीही: तिची प्रतिपिंडं वारेतून बाळात उतरतात. कोरोनाच्या लसीनेही तेच साधतं. हे घरोघरी सासवांना बसून समजावलं असतं तर पटलं असतं, असं मला वाटतं.

आणखी एक दुःख टाळता आलं असतं. सुरुवातीच्या भीतीत कित्येक ठिकाणी जन्मताच बाळ आईपासून दूर ठेवलं गेलं, अंगावरचं दूध तोडलं गेलं. जागतिक आरोग्य संघटना मात्र सांगत होती की मास्क लावून, हात धुऊन आईने बाळाला जवळ घ्यावं आणि पाजावं. लागण पसरवू शकेल असा जिवंत विषाणू आईच्या दुधात आढळत नव्हता. प्रतिपिंडं मात्र आढळत होती.

२०२४ च्या उन्हाळ्यानंतर पुण्यात झिकाचे रुग्ण निघाले, त्यांत गरोदर स्त्रिया बऱ्याच होत्या. झिका वार ओलांडतो आणि बाळाच्या मेंदूला इजा करू शकतो, त्यामुळे तिथे तोच जुना प्रश्न विचारणं अगदी रास्त होतं. पुढची साथ कोरोनाच्या जातीची असेल की झिकाच्या, हे वार तपासल्याशिवाय कळणार नाही. मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडला कृष्णा रुग्णालय आहे, साताऱ्यातही आता शासकीय महाविद्यालय झालं आहे. तरी तालुक्याच्या रुग्णालयात मृत बाळ जन्मलं की बहुतेक वेळा वार कचऱ्यात जाते आणि आईला कारण कधीच कळत नाही. ती फॉर्मॅलिनच्या बरणीत घालून, नाव-तारखेची चिठ्ठी लावून या तिन्हींपैकी जवळच्या ठिकाणी पाठवायची सक्ती हवी. खर्च बरणीचा आणि वाहनाचा. पुढच्या खेपेला त्याच बाईला दिवस जातील तेव्हा डॉक्टरांसमोर तो अहवाल असेल.