डासांच्या अळ्यांवर जिवाणूंचा उतारा

चिखली-भोसरीच्या भंगारातले टायर, चाकणला कारखान्यांमागे उघडी पडलेली पिंपे, यांत पावसाचे पाणी साचते आणि डेंग्यू पसरवणारा एडिस वाढतो. पवना-इंद्रायणीतल्या जलपर्णीखालच्या सांडपाण्यात क्युलेक्स जातीचा डास पोसला जातो. दोन्हींना एकच औषध सारखे लागू पडत नाही.

वाळवंटातला जिवाणू

१९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या डबक्यात शास्त्रज्ञ योएल मार्गालित यांना मेलेल्या डासअळ्या दिसल्या. त्यांतून बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस, म्हणजे बीटीआय हा जिवाणू मिळाला. बीजाणू धरताना तो प्रथिनांचे स्फटिक तयार करतो. अळीने ते गिळले की आतड्यातल्या अल्कधर्मी रसात विरघळतात, आतड्याच्या पेशींना भोके पडतात आणि बहुधा दिवसभरात अळी मरते. माणसाच्या किंवा माशांच्या पोटात असे घडत नाही. पुदुच्चेरीच्या व्हीसीआरसी या संस्थेने त्याचा देशी वाणही विकसित केला आहे.

तो कुठे कमी पडतो

स्फटिक तळाशी बसतात, उन्हाने निकामी होतात, घाण पाण्यात त्यांचा जोर ओसरतो. म्हणून पुन्हापुन्हा फवारावे लागते. लायसिनिबॅसिलस स्फेरिकस हा दुसरा जिवाणू गढूळ पाण्यात जास्त टिकतो, पण एडिस इजिप्तीवर तो जवळजवळ निष्प्रभ आहे. शिवाय त्याचे विष मुख्यतः एकाच जोडप्रथिनाचे, त्यामुळे १९९० च्या दशकात कोचीच्या क्युलेक्सने त्याला दाद देणे थांबवले.

जनुकांची जोडणी

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेत ब्रायन फेडेरिची यांच्या गटाने स्फेरिकसच्या विषाची जनुके बीटीआयमध्ये घातली. क्युलेक्सवरची मारकता अनेक पटींनी वाढली. यात महत्त्वाचे आहे बीटीआयचे सायट१ए हे प्रथिन. एकटे ते दुबळे, पण सोबतच्या विषांना अळीच्या पेशीपर्यंत वाट करून देते, आणि प्रतिकारक्षम अळ्याही मरतात.

इस्रायलमध्ये बीटीआयची जनुके अॅनाबिना या नीलहरित जिवाणूत घालून पाहिली. तो पाण्यात स्वतःच वाढतो आणि अळ्यांचे खाद्यही असतो. मला मात्र इथेच धास्ती वाटते. इंद्रायणी देहू-आळंदीला जाते, वारकरी तिच्यात स्नान करतात. नदीत वाढत राहणारा जीव परत बोलावता येत नाही. भारतात १९८९ च्या नियमांनुसार असा जीव मोकळा सोडायला जीईएसी या केंद्रीय समितीची मंजुरी लागते, ते योग्यच आहे.

आपल्याकडे काय करावे

जिवाणू टाक्यांत वाढवण्याचे तंत्र पिंपरीला परके नाही. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिनसाठी बुरशी अशाच टाक्यांत वाढवली जाई. पण टायरांसाठी प्रयोगशाळेची वाट पाहू नये. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. दर आठवड्याला पाणी ओतून दिले, टायर छपराखाली ठेवले तरी चक्र तुटते. एडिसची अंडी कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात, म्हणून पिंपे आतून घासावीतच. जिवाणूंवरचा खर्च नाले आणि जलपर्णीच्या पट्ट्यासाठी राखावा. तिथले पाणी ओतून देता येत नाही.