पाहुण्या रणवाहनांचा मान

भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधारचा प्रपात यांमुळे जबलपूर हे नाव मराठी पर्यटकांच्या चांगले परिचयाचे आहे. या शहराची दुसरी ओळख मात्र पर्यटकांच्या वाटेवर सहसा येत नाही. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना स्थापन झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि १९६९ साली व्हेईकल फॅक्टरीची स्थापना झाली. कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या या शहरात नांदल्या. भारतीय सैन्याची वाहने ज्या हातांनी घडविली, त्यांपैकी बरेचसे हात जबलपूरचे होते.

या वाहनांपैकी दोन नावे सैनिकांच्या बोलण्यात कायमची रुजली. पहिले नाव ‘शक्तिमान’. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने बनलेला हा ट्रक १९५९ साली प्रथम जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यातून बाहेर पडला. दुसरे नाव ‘जोंगा’. जपानच्या निस्सान कंपनीच्या ‘पेट्रोल’ या गाडीच्या नमुन्यावर ती बेतलेली होती. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेम्ब्ली या शब्दांच्या आद्याक्षरांतून तिचे नाव तयार झाले, असे सांगितले जाते. सहा सिलिंडरांचे, जवळजवळ चार लिटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन आणि चारही चाकांना मिळणारी ओढ यांच्या बळावर ती वाळवंटात चालली, तशीच डोंगरातही चढली. तिच्या पाठीवर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ बसविली जाई. १९९९ पर्यंत तिचे उत्पादन चालू होते.

आज या गाड्या सैन्याच्या ताफ्यातून निवृत्त झाल्या आहेत. काही संग्रहालयांत विसावल्या, पुष्कळशा भंगारात गेल्या आणि थोड्या हौशी नागरिकांच्या घरी पोहोचल्या. प्रख्यात क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनी यांनी २०१९ मध्ये जोंगा घेतल्याच्या बातमीने हे नाव तरुण पिढीच्याही कानी पडले. जुन्या वाहनांच्या मेळाव्यात अशी एखादी गाडी आली की तिच्याभोवती गर्दी जमते, छायाचित्रे निघतात, माजी सैनिक बॉनेटवर हात ठेवून क्षणभर थांबतात. मात्र जो मनुष्य ती गाडी तेथवर घेऊन आला, त्याची विचारपूस किती जण करतात? गाडी पाहुणी म्हणून येते, तेव्हा तिच्या मालकाशी यजमानाने कसे वागावे, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही.

लिलावापासून अंगणापर्यंत

सैन्यातील वाहनावर बाणाचे चिन्ह असलेला लष्करी क्रमांक असतो. ते निकामी ठरून लिलावात विकले गेले की हा क्रमांक संपतो आणि नव्या मालकाला प्रादेशिक परिवहन कार्यालयात नागरी नोंदणी करावी लागते. लिलावात मिळालेले वाहन क्वचितच धड असते. कार्ब्युरेटर, ब्रेकचे रबर, विजेची जोडणी, गिअरपेटी यांपैकी काही ना काही नव्याने उभे करावे लागते. त्यातील बहुतेक सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. कोणा जुन्या मिस्त्रीकडून ते घडवून घ्यावे लागतात.

त्यानंतर रंगाचा प्रश्न येतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१ प्रमाणे गडद हिरवा लष्करी रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज अन्य कोणत्याही मोटारीस देता येत नाही. नियमामागील सुरक्षेचा हेतू स्पष्ट आहे व तो योग्यही आहे. परंतु त्यामुळे जोंगाच्या मालकास गाडीतील प्रत्येक खिळा मूळ स्वरूपात ठेवता आला, तरी तिचा मूळ रंग ठेवता येत नाही.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम जाहीर केले. पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले, दुचाकी वा चारचाकी वाहन या वर्गात मोडते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. पुनर्नोंदणीस ५,००० रुपये. नव्याने दिल्या जाणाऱ्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. असे वाहन रोजच्या वापरासाठी वा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक संशोधन, इंधन व देखभाल एवढ्यासाठीच त्यास परवानगी असते. ही तरतूद स्वागतार्ह होय. तथापि १९८५ साली बनलेली जोंगा या हिशेबाने २०३५ पूर्वी व्हिंटेज ठरू शकत नाही. पंधरा वर्षे उलटलेल्या सामान्य मोटारीप्रमाणेच तिची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर नेण्यात आले. म्हणजे पंधरा आणि पन्नास या दोन आकड्यांच्या मधली पस्तीस वर्षे मालकाने केवळ जिद्दीच्या बळावर काढायची असतात. ही वाहने भंगारात जातात ती बहुधा याच काळात.

विम्याचीही गोष्ट अशीच आहे. जुन्या मोटारीचे मूल्य घसाऱ्याच्या कोष्टकाने काढले, तर ते नगण्य ठरते. यावर उपाय म्हणून विमा कंपनी व मालक यांनी आधीच मान्य केलेल्या मूल्यावर विमा उतरविण्याची पद्धत आहे. २००२ च्या भारतीय मोटार टॅरिफमध्ये व्हिंटेज मोटारींसाठी ती होती. पण तेथे व्हिंटेज म्हणजे १९४० अखेरपूर्वी बनलेली मोटार. जबलपूरची जोंगा त्या व्याख्येत बसणे शक्यच नव्हते.

मेळाव्याचा जमाखर्च

आता एखाद्या मेळाव्याचे निमंत्रण आले असे समजू. प्रवास दूरचा असेल तर जुनी गाडी रस्त्याने नेणे धोक्याचे. ट्रेलरचे भाडे दोन्ही वेळचे. सोबत मिस्त्री हवा, कारण इंजिन ऐन संचलनात रुसले तर ते त्यालाच उमगते. दोन दिवसांचा मुक्काम, जेवणखाण, इंधन आणि घरचे कामधंदे सोडून आलेला वेळ हे सारे मालकाच्या खर्चाच्या बाजूला पडते. जमेच्या बाजूला बहुधा एक स्मृतिचिन्ह, एक प्रमाणपत्र आणि व्यासपीठावरून झालेला नामोल्लेख, तोही कधी कधी चुकीचा.

पैशापेक्षा मनाला लागतात त्या लहान गोष्टी. प्रवेशपत्र एकट्या मालकापुरते असते व मिस्त्री फाटकाबाहेर राहतो. गाडीस सावली नसते. पाहणारे पायदानावर चढतात, दारे उघडतात आणि त्यांना आवरणारा स्वयंसेवक जवळ नसतो. परीक्षक चकाकणाऱ्या राजघराण्यांच्या मोटारींसाठी ठरविलेल्या निकषांनी रणवाहनाला गुण देतात. तिच्या अंगावरचा ओरखडा हा तिचा इतिहास आहे, हे ध्यानात घेतले जात नाही. मूळ रंग नसल्याबद्दल गुण कापले जावेत, हा तर कळस होय, कारण तो रंग देण्यास कायद्याचीच मनाई आहे. असा मालक दुसऱ्या वर्षी नकार कळवीत नाही. तो नुसता येत नाही.

आकाशातील पाहुणे

या प्रश्नाचा सर्वांत सखोल विचार झाला तो विमानांच्या जगात, कारण तेथे खर्च आणि जोखीम दोन्ही कैक पटींनी मोठी असतात. इंग्लंड व अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमाने खासगी मालकांकडे आहेत. ‘स्पिटफायर’ विमानातील मर्लिन इंजिन बारा सिलिंडरांचे व सत्तावीस लिटर क्षमतेचे. त्याच्या प्रत्येक तासाच्या उड्डाणामागे इंधन, विमा आणि तपासणी यांचा मोठा खर्च उभा असतो. म्हणून तेथील हवाई प्रदर्शनांत निमंत्रित विमानाला मानधन, इंधन, वैमानिक व तंत्रज्ञांचा निवास, रात्री विमानासाठी सुरक्षित जागा या बाबी आधीच लेखी ठरविण्याची रीत आहे. लहान मेळाव्यांत मानधन शक्य नसेल, तर निदान उतरण्याचे शुल्क माफ केले जाते.

अमेरिकेतील ऑशकॉश येथे दर वर्षी जुलैमध्ये भरणाऱ्या मेळाव्याला दहा हजारांहून अधिक विमाने येतात. त्यांतील बहुसंख्य स्वखर्चाने येतात, तरीही त्यांचा ओघ आटत नाही. मालकास आपल्या विमानाच्या पंखाशेजारी तंबू ठोकून राहता येते. जुन्या युद्धविमानांसाठी स्वतंत्र विभाग व स्वतंत्र परीक्षण असते. विमान पूर्ववत करणाऱ्या कारागिरांसाठी ‘गोल्डन रेंच’ नावाचा पुरस्कार आहे. म्हणजे सन्मान पान्याचाही होतो. हजारो स्वयंसेवक पाहुण्यांच्या दिमतीस असतात. पैसा न देताही मान कसा देता येतो, याचा हा उत्तम वस्तुपाठ म्हणावा लागेल.

अर्थात यजमानाच्याही अडचणी असतात. २२ ऑगस्ट २०१५ रोजी इंग्लंडमधील शोरहॅम येथील प्रदर्शनात एक जुने हंटर जेट विमान महामार्गावर कोसळले व अकरा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथील नियम कडक झाले आणि २०१६ मध्ये आयोजकांकडून घेतली जाणारी शुल्केही वाढली. सुरक्षेचा खर्च आधी, आदरातिथ्य नंतर, हा क्रम कोणासही टाळता येणार नाही. जोंगाच्या मेळाव्यातही गर्दी आणि चालते वाहन यांच्यामध्ये दोरी हवीच.

एका डकोटाची कथा

आपल्या देशातही या विषयाचे एक बोलके उदाहरण आहे. १९४४ साली बनलेले एक डकोटा विमान भंगारावस्थेत होते. २०११ मध्ये राजीव चंद्रशेखर यांनी ते मिळवून इंग्लंडमध्ये दुरुस्त करविले. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हवाई दलात डकोटाचे वैमानिक होते. विमान हवाई दलास भेट देण्याचा त्यांचा पहिला प्रस्ताव मान्य झाला नाही. पुढे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना तो स्वीकारला गेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये भेटपत्रावर स्वाक्षऱ्या झाल्या. १७ एप्रिल रोजी विमान इंग्लंडहून निघाले आणि फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबिया, बहरीन, ओमान असे टप्पे घेत २५ एप्रिलला जामनगरला उतरले. ४ मे रोजी हिंडन येथे ते हवाई दलात दाखल झाले.

विमानाचे नाव ‘परशुराम’ ठेवण्यात आले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा ‘व्हीपी ९०५’ हा क्रमांक त्याला देण्यात आला. २०२१ व २०२२ च्या प्रजासत्ताकदिनी ते राजपथावरील आकाशातून गेले. एका खासगी व्यक्तीची भेट घेताना हवाई दलाने तिला नाव दिले, क्रमांक दिला आणि इतिहासातील जागा दिली. भेट आणणाऱ्याला याहून मोठे मानधन कोणते असू शकते? पण पहिल्या नकारानंतर तो दाता पुन्हा आला नसता, तर हे विमान आज हवाई दलाकडे नसते, हेही तितकेच खरे.

थोडक्या खर्चात पुष्कळ काही

प्रत्येक जोंगामालक विमान भेट देऊ शकत नाही आणि प्रत्येक मेळाव्याला मोठा प्रायोजक मिळत नाही. तरीही काही गोष्टी कोणत्याही आयोजकाच्या आवाक्यातील आहेत. निमंत्रणपत्रातच वाहतूक, इंधन व निवास यांपैकी काय मिळेल व काय मिळणार नाही, हे स्पष्ट लिहावे. मालकासोबत मिस्त्रीलाही प्रवेशपत्र द्यावे. वाहनाला सावली, सभोवती दोरी आणि जवळ एक स्वयंसेवक असावा. मेळाव्याच्या दिवसापुरत्या जोखमीचा विमा आयोजकांनी उतरवावा. लष्करी वाहनांचे परीक्षण वेगळ्या निकषांनी व्हावे. गाडीसमोरील फलकावर तिच्या इतिहासाबरोबर, मालकाची संमती असल्यास, त्याचे व कारागिराचे नावही असावे. प्रायोजक संस्थांनी करंडकावर होणाऱ्या खर्चातील थोडा वाटा ट्रेलरच्या भाड्याकडे वळविला, तर तो अधिक सत्कारणी लागेल.

जबलपूरसारख्या शहराला तर आणखी एक संधी आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध कारखान्यांची फेररचना झाली आणि व्हेईकल फॅक्टरी आर्मर्ड व्हेईकल्स निगम या सरकारी कंपनीचा भाग बनली. ज्यांनी जोंगा जुळविली, ते कामगार आता निवृत्त झाले आहेत. कोणता नट किती आवळायचा, कोणता आवाज कशाचा, हे ज्ञान त्यांच्यापाशी आहे. ते कागदावर फारसे उतरलेले नाही. बाहेरगावचा एखादा मालक आपली जोंगा घेऊन जबलपुरात आला, तर ती गाडी खरे पाहता माहेरी आलेली असते. तिच्या स्वागताला या कामगारांना सन्मानाने बोलवावे. मालकाला हवे असलेले उत्तर तेथे सापडेल, कामगाराला आपल्या हातचे काम पुन्हा पाहता येईल आणि त्या दोघांच्या संभाषणातून पुढच्या पिढीसाठी काही टिपून ठेवता येईल.

वारसा जपण्याचे काम संग्रहालये करतातच. परंतु धावणारे इंजिन हा वारसा असेल, तर तो कोणाच्या तरी अंगणात, कोणाच्या तरी पदरच्या पैशाने दररोज जपला जात असतो. वर्षातून एका दिवशी त्या माणसाला खुर्ची, सावली आणि दोन आदराचे शब्द मिळाले, तर उरलेले दिवस तो आनंदाने खर्च सोसतो. हा व्यवहार यजमानाच्या दृष्टीनेही लाभाचाच आहे.