कोणते शाहू महाराज?

लेखमाला : नाव एक, माणसं अनेक (लेखांक ६)

‘शाहूपुरी पोलिसांनी दुचाकीचोर पकडला’ अशी बातमी वाचली की सातारकर आणि कोल्हापूरकर दोघांनाही ती आपल्याच गावची वाटते. शाहूपुरी दोन्ही शहरांत आहे आणि शाहूपुरी पोलीस ठाणंही दोन्हीकडे आहे. फरक एवढाच, की साताऱ्याच्या शाहूपुरीतले शाहू वेगळे आणि कोल्हापूरच्या शाहूपुरीतले वेगळे. दोघांच्या मध्ये सव्वाशे वर्षांचं अंतर आहे, आणि त्या अंतरात आणखी एक शाहू महाराज गादीवर बसून गेले आहेत. त्यांची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही.

मागच्या लेखांकात आपण दोन भास्कराचार्य पाहिले. तिथे नाव सारखं असणं हा योगायोग होता. सातव्या शतकातल्या भास्करांचं आणि १११४ साली जन्मलेल्या भास्करांचं काही नातं नव्हतं. आजची गोष्ट वेगळी आहे. भोसले घराण्यात सारखी नावं योगायोगाने आलेली नाहीत, ती जाणूनबुजून ठेवलेली आहेत. नाव हा तिथे वारशाचा दाखला होता.

आजोबांचं नाव, दोन नातू

आजोबांचं नाव नातवाला ठेवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. पेशव्यांच्या घरात ती ठळक दिसते : बाळाजी विश्वनाथ, त्यांचे बाजीराव, बाजीरावांचे पुन्हा बाळाजी. भोसल्यांच्या घरातही तेच. मालोजींच्या दोन मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी. अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या नवसाने ही मुलं झाली म्हणून ही नावं, असं परंपरा सांगते. शहाजीराजांचे थोरले चिरंजीव संभाजी कनकगिरीच्या लढाईत पडले. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, १६५७ मध्ये, पुरंदरावर शिवाजी महाराजांना पुत्र झाला, त्याचं नाव संभाजी. काका आणि पुतणे दोघेही संभाजी. म्हणून जुन्या कागदात नुसतं ‘संभाजीराजे’ दिसलं तर आधी साल पाहावं लागतं.

या रिवाजाने सगळ्यात मोठा पेच टाकला तो शिवाजी महाराजांच्या नातवंडांच्या पिढीत. संभाजी महाराज आणि येसूबाई यांना १८ मे १६८२ रोजी माणगावजवळच्या गांगवली गावी मुलगा झाला. त्याचं नाव आजोबांवरून शिवाजी. १६९६ मध्ये राजाराम महाराज आणि ताराबाई यांना मुलगा झाला. त्याचंही नाव आजोबांवरून शिवाजी. पहिला शिवाजी तेव्हा औरंगजेबाच्या छावणीत कैदेत होता. रायगड १६८९ मध्ये पडला, तेव्हा सात वर्षांचा हा मुलगा आईसह मोगलांच्या हाती लागला होता. १७०० साली सिंहगडावर राजाराम महाराज वारले आणि ताराबाईंनी आपल्या चार वर्षांच्या शिवाजीला गादीवर बसवलं. म्हणजे स्वराज्याच्या गादीवर हक्क सांगू शकणारे दोन चुलत भाऊ होते आणि दोघांचंही नाव शिवाजी होतं.

यातल्या थोरल्याचं नाव पुढे ‘शाहू’ म्हणून रूढ झालं. औरंगजेबाने त्याला ‘साव’ म्हटलं आणि त्याचं शाहू झालं, अशी कथा बखरींतून आली आहे. कथा खरी असो वा नसो, नवं नाव टिकलं आणि त्याने इतिहासकारांचं काम सोपं केलं. एरवी १७०७ मधल्या खेडच्या लढाईचं वर्णन ‘शिवाजी विरुद्ध शिवाजी’ असं करावं लागलं असतं.

पहिले शाहू : कैदेतून गादीवर

औरंगजेब १७०७ च्या मार्चमध्ये गेला आणि त्याच्या मुलाने, आझमशहाने, शाहूंना सोडलं. अठरा वर्षांची कैद संपली होती, पण घरी परतल्यावर पहिला वार नावावर आणि ओळखीवरच झाला. आलेला माणूस तोतया आहे, संभाजीराजांचा मुलगा नव्हेच, असं ताराबाईंच्या पक्षाने म्हटलं. ज्याने लहानपणापासून मोगलांच्या छावणीबाहेरचं जग पाहिलं नव्हतं, त्याला आपण कोण हे सिद्ध करायचं होतं. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव खेडच्या लढाईत शाहूंच्या बाजूला आले आणि पारडं फिरलं. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला.

हे शाहू स्वतः तलवार गाजवणारे राजे नव्हते. माणसं हेरणं ही त्यांची ताकद. १७१३ मध्ये त्यांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवा केलं. बाळाजी १७२० च्या एप्रिलमध्ये वारले, तेव्हा दरबारातल्या जुन्याजाणत्यांचा विरोध बाजूला सारून त्यांच्या विशीतल्या मुलाला, बाजीरावाला, पेशवाईची वस्त्रं दिली. मराठ्यांच्या फौजा पुढच्या काळात माळवा, गुजरात, बुंदेलखंडात पोहोचल्या त्या याच निर्णयामुळे.

साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी, या शाहूंची समाधी आहे. जवळच त्यांच्या लाडक्या कुत्र्याचीही समाधी दाखवतात. शिकारीत वाघापासून धन्याचा जीव वाचवला म्हणून महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असं सांगतात. त्यांच्या स्वभावातला मवाळपणा लोकांनी कसा लक्षात ठेवला, ते या गोष्टीतून कळतं.

त्यांना स्वतःचा वारस नव्हता. १५ डिसेंबर १७४९ रोजी त्यांचं निधन झालं. त्याआधी त्यांनी नानासाहेब पेशव्यांना स्वहस्ते याद्या लिहून दिल्या : राज्याचा कारभार पेशव्यांनी चालवावा, छत्रपतींची गादी चालू ठेवावी. पुढच्या वर्षी सांगोल्याच्या कराराने सत्ता साताऱ्याहून पुण्याला गेली. दुसऱ्या शाहूंची गोष्ट याच करारातून सुरू होते.

दुसरे शाहू : तीच नावं, उलटा खेळ

पहिल्या शाहूंनंतर गादीवर आलेले रामराजे १७७७ मध्ये वारले. त्यांना वावीकर भोसल्यांच्या घरातून मुलगा दत्तक देण्यात आला आणि त्याचं नाव ठेवलं शाहू. इतिहासात ते धाकटे शाहू किंवा दुसरे शाहू. १७७७ ते १८०८ अशी तीस वर्षं ते गादीवर होते, पण त्या काळाचा इतिहास वाचताना नाना फडणवीस, महादजी शिंदे, सवाई माधवराव हीच नावं भेटतात. छत्रपती साताऱ्याच्या किल्ल्यावर, जवळजवळ पेशव्यांच्या पहाऱ्यात होते.

१७९६ मध्ये मात्र नावांचा असा मेळ जमला की वाचणारा दचकतो. सवाई माधवराव आदल्या वर्षी शनिवारवाड्यात वरून पडून वारले होते. पेशवाई कुणाला द्यायची यावर पुण्यात कारस्थानं चालली होती. आधी काही महिने रघुनाथरावांचा धाकटा मुलगा चिमाजी आप्पा पेशवा झाला. मग डिसेंबरमध्ये त्याचा थोरला भाऊ बाजीराव. दोघांची वस्त्रं साताऱ्याच्या शाहू छत्रपतींकडूनच आणली गेली.

आता हीच तीन नावं ७६ वर्षं मागे नेऊन पाहा. १७२० साली गादीवर शाहू, त्यांचा पेशवा बाजीराव, बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजी आप्पा. १७९६ साली गादीवर शाहू, पेशवा बाजीराव, त्याचा धाकटा भाऊ चिमाजी आप्पा. दुसरा बाजीराव पहिल्या बाजीरावाचा सख्खा नातू, म्हणजे आजोबांच्या नावाची रीत इथेही पाळलेली. नावं तंतोतंत तीच, पण अर्थ पार बदललेला. १७२० मध्ये शाहूंनी आपल्या मनाने पेशवा निवडला होता. १७९६ मध्ये पुण्यातल्या मुत्सद्द्यांनी पेशवा ठरवला आणि छत्रपतींकडून फक्त वस्त्रं मागवली. पहिल्या चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली. दुसरे चिमाजी आप्पा काही महिन्यांचे पेशवे म्हणून उरले. पहिले बाजीराव १७४० मध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीला मोहिमेवर असताना गेले. दुसरे बाजीराव १८१८ मध्ये इंग्रजांच्या स्वाधीन झाले आणि वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर गंगाकाठी बिठूरला राहिले.

धाकट्या शाहूंना अगदीच बाहुलं म्हणणंही बरोबर नाही. १७९८ मध्ये त्यांनी आणि त्यांचे भाऊ चतुरसिंग यांनी साताऱ्याचा किल्ला ताब्यात घेऊन पेशव्यांविरुद्ध उठाव केला. परशुरामभाऊ पटवर्धनांनी तो मोडला. चतुरसिंग निसटले आणि पुढे वर्षानुवर्षं लढत राहिले. शेवटी पकडले गेले आणि कांगोरीच्या किल्ल्यात कैदेतच वारले. शाळेच्या पुस्तकात या भावांना जागा मिळत नाही. नाव मोठ्या शाहूंचं आणि काळ मोठ्या पेशव्यांचा, या दोहोंच्या मध्ये ते झाकले गेले.

वारणेपलीकडचं नाव

तिसऱ्या शाहूंसाठी वारणा ओलांडून कोल्हापुरात जावं लागतं. ही गादी ताराबाईंनी उभी केली. पुढे १७१४ मध्ये त्यांच्या सवत राजसबाईंनी ताराबाईंना आणि त्यांच्या शिवाजीला बाजूला सारून आपल्या मुलाला, संभाजीला, तिच्यावर बसवलं. सातारा आणि कोल्हापूर यांचं भांडण १७३१ च्या वारणेच्या तहाने मिटलं आणि वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे राहिला. त्यानंतर कोल्हापूरच्या गादीवर शिवाजी, शंभू, शहाजी, राजाराम ही नावं फिरून फिरून आली. एक राजाराम सिंहगडावर गेले होते, तर कोल्हापूरचे राजाराम १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात, अवघ्या विसाव्या वर्षी वारले. तिथल्या उद्यानात त्यांचा अर्धपुतळा आजही आहे. त्यांच्यामागून आलेले शिवाजी १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात नजरकैदेत असताना वारले. शाहू हे नाव मात्र तोवर या गादीवर आलं नव्हतं. ज्यांच्याशी भांडण झालं, त्या साताऱ्याचं ते नाव होतं.

१७ मार्च १८८४ रोजी ते वारणा ओलांडून आलं. कागलच्या घाटगे घराण्यातल्या यशवंतराव नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला त्या शिवाजींच्या राणी आनंदीबाईसाहेबांनी दत्तक घेतलं आणि त्याचं नाव शाहू ठेवलं. साताऱ्याची गादी इंग्रजांनी १८४८ मध्येच खालसा केली होती. तिथे शाहू नावाचा राजा होणं आता शक्य नव्हतं.

दत्तकाला नवं नाव देणं म्हणजे तो आता या घराचा, असं जाहीर करणं. नागपूरकर भोसल्यांनीही हेच केलं. १८१८ मध्ये बाजीबा नावाच्या मुलाला गादीवर बसवताना त्याचं नाव रघुजी ठेवलं आणि नागपूरच्या इतिहासात तीन रघुजी झाले. तंजावरच्या शाखेतही शहाजी, सरफोजी, शिवाजी ही घरचीच नावं चालली. मालोजींच्या धाकट्या मुलाचं शरीफजी हे नाव तिथे सरफोजी होऊन टिकलं. तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी १८५५ मध्ये वारले आणि ते संस्थानही कंपनी सरकारने घेतलं. वारसाच मान्य करायचा नाही असं एकदा ठरल्यावर नावाचा दाखला कुठेच चालला नाही.

कोल्हापूरच्या शाहूंचं काम सर्वांना माहीत आहे, म्हणून ते थोडक्यात. २ एप्रिल १८९४ रोजी अधिकार हाती आले. १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांच्या पाठीशी उभे राहिले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

गंमत अशी, की माणगावही दोन आहेत. पहिल्या शाहूंचा जन्म ज्या माणगावजवळ झाला ते रायगड जिल्ह्यातलं, तिसऱ्या शाहूंची परिषद झाली ते कोल्हापूर जिल्ह्यातलं.

या शाहूंना इतरांपासून नेमकं वेगळं करणारं बिरुद एकच आहे, ‘राजर्षी’, आणि ते महाराष्ट्रात मिळालेलं नाही. १९१९ मध्ये कानपूरला भरलेल्या कुर्मी समाजाच्या अधिवेशनात त्यांना ते देण्यात आलं. त्याच कानपूरच्या विद्यापीठाला आज छत्रपती शाहू महाराजांचं नाव आहे. ‘छत्रपती’ आणि ‘महाराज’ या शब्दांनी काहीच उलगडत नाही, कारण ते तिघांनाही लागतात. शिवाय चौथेही आहेत : कोल्हापूरच्या गादीचे आजचे वारस शाहू छत्रपती २०२४ मध्ये लोकसभेवर निवडून गेले.

ओळखायचं कसं?

क्रमांकावर विसंबू नका. दुसरे शिवाजी कोण आणि चौथे कोण, हे मोजणी कुठून सुरू केली त्यावर ठरतं आणि पुस्तकागणिक बदलतं. गादी, दत्तक की औरस, आणि साल एवढं विचारलं तरी पुरे. सातारा आणि १७४९ च्या आत असेल तर थोरले शाहू. सातारा आणि १७७७ नंतर असेल तर धाकटे. कोल्हापूर आणि १८८४ नंतर असेल तर राजर्षी.

घोळ नेहमी एकाच दिशेने होतो, हेही ध्यानात ठेवा. सारख्या नावांच्या माणसांत ज्याचं काम मोठं, त्याच्या खात्यावर इतरांचं बरंवाईट जमा होतं, आणि मधला माणूस पुसला जातो. म्हणून जयंतीचं भाषण करायचं असो, शाळेचा फलक रंगवायचा असो की मुलांचं प्रकल्पपुस्तक भरायचं असो, नुसतं ‘शाहू महाराज’ लिहून थांबू नका. पुढे गावाचं नाव आणि साल घाला.

(पुढील लेखांक : पुण्याचे नानासाहेब आणि बिठूरचे नानासाहेब)