लँडस्केप बॅकग्राउंडसाठी स्वस्त सॉफ्टवेअर: आधी लायसन्स बघा, मग किंमत

गेमसाठी डोंगर हवेत, कॉमिकसाठी समुद्र हवा किंवा व्हिडिओच्या मागे पावसाळी आभाळ हवं, की आपण 'फ्री' असं सर्च करतो आणि पहिलं दिसेल ते इन्स्टॉल करतो. पण 'फ्री'चे तीन प्रकार आहेत. त्यातला फरक कळतो तो नेमका चित्राचे पैसे मिळायची वेळ आल्यावर.

१. खरोखर मोफत

क्रिटा आणि ब्लेंडर ही दोन्ही ओपन सोर्स आहेत, जीपीएल लायसन्सखाली मिळतात. हे लायसन्स सॉफ्टवेअरला लागू होतं, तुमच्या चित्राला नाही. चित्र तुमचंच, बिनधास्त विका.

क्रिटा हाताने रंगवण्यासाठी आहे. ते लॅपटॉपवर चालतंच, शिवाय अँड्रॉइड टॅबलेटवरही मिळतं; फोनसाठी मात्र नाही.

ब्लेंडर थ्रीडी आहे. त्यात 'ए.एन.टी. लँडस्केप' हे मोफत एक्स्टेंशन टाकलं की आकडे बदलून टेकड्या, दऱ्या तयार करता येतात. एकदा दरी बनवली की कॅमेरा फिरवून तिचे हवे तेवढे अँगल काढा. २०२५ मध्ये ऑस्कर मिळवलेला 'फ्लो' हा ॲनिमेशनपट ब्लेंडरमध्येच बनलाय. फक्त लॅपटॉपला किमान ८ जीबी रॅम हवी.

२. जाहिरातींवर चालणारं

आयबिस पेंट फोनवर मस्त चालतं. मोफत व्हर्जनमध्ये जाहिराती येतात आणि काही ब्रश जाहिरात पाहिल्यावरच उघडतात. इथे पैशांऐवजी तुमचा वेळ आणि डेटा जातो.

३. फक्त शिकण्यापुरतं मोफत

टेरेजेन हे निसर्गदृश्यांसाठीचंच सॉफ्टवेअर. आभाळ आणि डोंगर अगदी खरे वाटतात. पण त्याचं मोफत व्हर्जन व्यावसायिक कामासाठी नाही, आणि रेंडरच्या साइझलाही मर्यादा आहे. ओळखीतल्या कुणाच्या शॉर्ट फिल्मसाठी दोन हजार रुपये घेऊन सीन केला, तरी तो व्यावसायिक वापरच झाला.

आता छुपा खर्च बघू. प्रोक्रिएटचे पैसे एकदाच भरायचे असतात, पण ते आयपॅडवरच चालतं. म्हणजे खरी किंमत आयपॅडची!

दुसरा छुपा खर्च रॅमचा. ४००० × २२५० पिक्सेलचा एक लेयर घ्या. एका पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे लेयरला साधारण ३६ एमबी. आकाश, ढग, डोंगर, झाडं, धुकं असे २० लेयर झाले की ७२० एमबी. म्हणूनच मोठ्या कॅनव्हासवर स्वस्त फोन अडखळतो. व्हिडिओसाठी १९२० × १०८० पुरतं. तिथे तेच २० लेयर साधारण १६६ एमबीत बसतात. ए-४ प्रिंट काढायची असेल तर मात्र २४८० × ३५०८ हवं, त्यामुळे काम कशासाठी आहे ते आधी ठरवा.

मग घ्यायचं काय?

- फक्त फोन असेल तर आयबिस पेंट.
- टॅबलेट किंवा साधा लॅपटॉप असेल तर क्रिटा.
- ८ जीबी रॅमचा लॅपटॉप असेल आणि एकाच जागेचे अनेक अँगल हवे असतील तर ब्लेंडर.

कुठलंही नवीन ॲप टाकण्याआधी तीन गोष्टी तपासा: चित्र विकता येतं का, हव्या त्या साइझमध्ये वॉटरमार्कशिवाय एक्सपोर्ट होतं का, आणि लेयरसकट फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येते का. तिन्हींची उत्तरं 'हो' असतील, तर खुशाल सुरुवात करा.