नवोदितांना सामने हवेत

हंगामाच्या आरंभीच एखादा नवोदित फुटबॉलपटू चमकला की आपण त्याच्या उपजत गुणांची वाखाणणी करतो. त्याआधी त्याला किती सामने खेळायला मिळाले, हे क्वचितच विचारले जाते.

बेंगळुरू एफसीच्या शिवशक्ती नारायणनने १८ सप्टेंबर २०२२ रोजी ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात मुंबई सिटीविरुद्ध सुरुवातीलाच गोल केला. त्याच हंगामात तो इंडियन सुपर लीगचा उदयोन्मुख खेळाडूही ठरला. मात्र काही महिने आधी, गोव्यात तरुण खेळाडूंसाठी भरलेली पहिली डेव्हलपमेंट लीग त्याचा संघ जिंकला होता. यशामागे सामन्यांची शिडी होती.

महाविद्यालयीन खेळाडूला अशी शिडी नाही. मी राहतो त्या बोम्मसंद्र्यापर्यंत ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रो आली. शहर जवळ आले, स्पर्धात्मक फुटबॉल दूरच राहिला. आंतरविद्यापीठ स्पर्धेत विभागीय पातळीवर बाद पद्धत असते. पहिल्याच सामन्यात हरलेल्या संघातील नवोदिताचा विद्यापीठीय हंगाम नव्वद मिनिटांत संपतो. पदवीची वर्षे तर मोजकीच.

क्रीडा हा राज्यसूचीतील विषय. शिक्षण १९७६ च्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले. या दोहोंच्या सांध्यावर महाविद्यालयीन मैदान बेवारस राहते. राज्य शासनाने विद्यापीठांच्या साहाय्याने जिल्हावार साखळी सामने सुरू करावेत. त्यासाठी नवी भव्य क्रीडासंकुले नकोत. आहेत ती मैदाने, पंच आणि पाळले जाणारे वेळापत्रक पुरे. गुणवत्ता हेरण्यापूर्वी तिला दिसण्याची संधी द्यावी लागते.