कर्नलचे अंतर्गत डेटा टाइप आणि वापरकर्त्याचे प्रोग्रॅम : लिनक्सच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पदवी वर्गात ऑपरेटिंग सिस्टीम शिकविताना कर्नल आणि वापरकर्त्याचे प्रोग्रॅम हे दोन वेगळे विभाग आहेत व सिस्टीम कॉल हा त्यांच्यामधील दरवाजा आहे, असे आकृती काढून सांगितले जाते. मात्र या दरवाजातून जाणाऱ्या माहितीचा आकार कोण ठरवितो, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार लिनक्स कर्नलच्या आधारे केला आहे.

समस्येचे स्वरूप

सी भाषेत टाइप म्हणजे केवळ नाव नव्हे. माहिती किती बाइटमध्ये व कोणत्या जागी ठेवायची, हे त्यावरून ठरते. प्रोग्रॅम कंपाइल होताच ही मापे त्यात कायमची गोठतात. पुढे कर्नल बदलला, तरी प्रोग्रॅम जुनाच राहतो. कर्नल बदलल्याने चालू असलेला प्रोग्रॅम मोडता कामा नये, हा लिनस टॉरवाल्ड्स यांचा जुना आग्रह आहे. म्हणून जो टाइप एकदा बाहेर गेला, तो करार झाला. अंतर्गत टाइप मात्र गरजेनुसार बदलता आला पाहिजे. एकाच टाइपवर ही दोन्ही कामे सोपविली की अडचण सुरू होते.

काही उदाहरणे

१) उपकरण क्रमांक : जुन्या लिनक्समध्ये हा क्रमांक १६ बिटांचा होता, ८ बिट मेजर व ८ बिट मायनर, म्हणजे प्रत्येकी फक्त २५६ क्रमांक. २००३ च्या २.६ आवृत्तीत तो ३२ बिटांचा (१२ व २०) झाला. जीलिबसी लायब्ररीत याच नावाचा टाइप ६४ बिटांचा आहे. नाव एक, मापे दोन. म्हणून बाहेर देताना कर्नल क्रमांकाचे रूपांतर करतो.

२) सिग्नल संच : एक्स-८६ कर्नलमध्ये हा संच ८ बाइटचा, तर जीलिबसीमध्ये त्याच नावाचा संच १२८ बाइटचा आहे. त्यामुळे संबंधित सिस्टीम कॉलला संचाचा आकार वेगळा सांगावा लागतो.

३) रिकामी जागा : एका स्ट्रक्चरमध्ये आधी ३२ बिटांचा व नंतर ६४ बिटांचा पूर्णांक असेल, तर ३२ बिटांच्या एक्स-८६ वर त्याचा आकार १२ बाइट, तर ६४ बिटांवर १६ बाइट होतो. वाढलेले ४ बाइट कंपायलरने मध्ये सोडलेली रिकामी जागा होय. कर्नलने ती शून्याने भरली नाही, तर कर्नलच्या स्मृतीतील गोपनीय अंश बाहेर जाऊ शकतो. येथे प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही, सुरक्षिततेचा होतो.

४) वेळ : ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात ठेवलेली वेळ १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी आपली मर्यादा गाठते. कर्नलच्या आत ६४ बिटांची वेळ वापरणे तुलनेने सोपे होते. परंतु जुना टाइप बाहेर गेलेला असल्याने सिस्टीम कॉलचा आकार बदलणे शक्य नव्हते. अखेर २०१९ मध्ये ५.१ आवृत्तीत ३२ बिटांच्या यंत्रणांसाठी नवे सिस्टीम कॉल जोडावे लागले आणि जुनेही तसेच ठेवावे लागले.

उपाययोजना

पूर्वी एकाच हेडर फाइलमध्ये दोन्ही बाजूंच्या व्याख्या असत व कर्नलपुरता भाग अटीच्या आड झाकलेला असे. २००६ च्या २.६.१८ आवृत्तीपासून बाहेर देण्याच्या हेडर फाइल गाळून वेगळ्या काढण्याची सोय झाली. डिसेंबर २०१२ मधील ३.७ आवृत्तीत डेव्हिड हॉवेल्स यांच्या कामामुळे या व्याख्या 'यूएपीआय' नावाच्या स्वतंत्र डिरेक्टरीत गेल्या. कोणता बदल कराराला हात लावतो, हे आता फाइलच्या जागेवरूनच कळते.

टाइपच्या नावांतही असाच भेद आहे. कर्नलच्या आत 'यू३२' चालते. बाहेर मात्र त्याआधी दोन अंडरस्कोअर लावतात. सी भाषेच्या मानकानुसार अशी नावे यंत्रणेसाठी राखीव असल्याने प्रोग्रॅममधील नावांशी त्यांची टक्कर होत नाही. 'लाँग' टाइप ३२ बिटांच्या लिनक्सवर ४, तर ६४ बिटांवर ८ बाइटचा असतो. म्हणून नव्या इंटरफेसमध्ये तो टाळून निश्चित मापाचे टाइप घ्यावेत व रिकामी जागा स्वतः घोषित करून शून्याने भरावी.

अध्यापनातील उपयोग

वरील तिसऱ्या उदाहरणातील स्ट्रक्चर विद्यार्थ्यांना एकदा ३२ व एकदा ६४ बिटांसाठी कंपाइल करण्यास सांगून 'साइझऑफ'ने आकार छापून घ्यावा. नंतर ४ बाइटचा पूरक घटक मध्ये घालून तोच प्रयोग पुन्हा करावा. दोन्हीकडे १६ हे उत्तर येईल. एवढ्या प्रयोगातून आतील सोय व बाहेरील करार यांतील फरक विद्यार्थ्यांच्या ध्यानात येतो. तोच फरक पुढे नेटवर्क प्रोटोकॉल, फाइलचे स्वरूप व डेटाबेस शिकतानाही त्यांच्या उपयोगी पडतो.